अडीच वर्षांचं लेकरू आणि माझा सुटलेला हात

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ११:४०

चार दिवस झाले, झोप नीट लागत नाही म्हणून इथं लिहायला बसलेय. मी सांगलीत विश्रामबागला राहते. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी. मी घरून दोन अडत दुकानांचे हिशेब बघते. हळदीचा सीझन आणि मार्चएंड एकदम आला की जेवायलाही फुरसत नसते. सासूबाई गावाकडं धाकट्या दिरांकडं असतात. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं खोबरेलाची बाटली पावत्यांच्या गठ्ठ्यावर पालथी केली. आख्ख्या आठवड्याच्या पावत्या. दुपारी झोपला नव्हता, वरणभाताचं ताट दोनदा ढकललं होतं. मी त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला गदागदा हलवलं. "किती वेळा सांगायचं? किती वेळा?" असं ओरडत होते. किती वेळ हलवलं ते आठवत नाही. त्याची मान मागंपुढं होत होती, ते मात्र आठवतं. रडायचा थांबून तो माझ्याकडं नुसता बघत राहिला, तेव्हा भानावर आले.

रात्री अंघोळ घालताना डाव्या दंडावर माझी चार बोटं उठलेली दिसली. अंगठा आतल्या बाजूला.

शनिवारी सकाळी मी भाकरी थापत होते. तो ओट्याखाली कापडी हत्ती घेऊन बसला होता. हत्तीचे पुढचे दोन पाय धरून त्याला हलवत म्हणाला, "किती वेळा? किती वेळा?" पुढचं "सांगायचं" त्याला अजून नीट म्हणता येत नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, राग डोक्यात जातो त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करता? शांत राहायचं असतं एवढं मलाही कळतं. त्या क्षणी हात कुठं ठेवायचे, ते सांगा.

दुसरी. आमच्या मागच्या बोळात भाड्याच्या खोलीत एक कुटुंब आलंय. तिथलं साधारण तीन वर्षांचं पोर जवळजवळ रोज रात्री मार खातं. आवाज येतो. शुक्रवारपर्यंत मी खिडकी लावून घ्यायचे आणि "काय बाई आहे" म्हणायचे. आता खिडकी लावताना हात थांबतो. पण मी स्वतः असं वागल्यावर कोणत्या तोंडानं तिला सांगायला जाऊ?

दोन_पोरांचा_बाप | रात्री ११:५८

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आमच्या घरी एक शब्द ठरलाय, "पाळी बदल". ज्याचा पारा चढला त्यानं एवढंच म्हणायचं, दुसऱ्यानं एक अक्षर न बोलता पोर उचलून गॅलरीत न्यायचं. कारण विचारायचं नाही, "काय झालं एवढं चिडायला" हे तर अजिबात म्हणायचं नाही. एकटं असताना मी मोरीत जाऊन नळ सोडून पायावर पाणी घेतो. दोन मिनिटं पुरतात.

कासपठार | बुधवार, सकाळी ७:१०

वाचून पोटात तुटलं. हत्तीचं वाचून जास्तच.

अजिंक्यतारा_७९ | सकाळी ९:२५

कृष्णाकाठची, तुम्ही फार मनाला लावून घेताय. मी साताऱ्याचा, मंगळवार तळ्याजवळ वाढलो. वडिलांच्या हातचा, मास्तरांच्या छडीचा, शेजारच्या काकांचासुद्धा मार खाल्लाय. आज धडधाकट आहे, आईवडिलांना सांभाळतो. आमच्या पिढीत एकाच्या मनावर परिणाम झाल्याचं ऐकलं नाही. आता एक धपाटा घातला की लगेच छळ, अत्याचार असले शब्द वापरतात. मुलं डोक्यावर बसलीत ती त्यामुळंच. धपाटा वेगळा आणि छळ वेगळा, यात गल्लत नको.

वाईची_आजी | सकाळी १०:०२

अगं बाळा, आधी त्या तेलकट पावत्यांवर तांदळाचं पीठ भुरभुर आणि वर जड पुस्तक ठेव. बरंचसं तेल ओढून घेतं. हे आधी सांगते कारण तुझा निम्मा जीव तिथं अडकलाय.

आता लेकराचं. माझी पाच नातवंडं या वयातून गेली. या वयाचं पोर दुपारी झोपलं नाही की संध्याकाळी पाच ते सात त्याच्याशी कुणाचंच जमत नाही, ब्रह्मदेवाचंसुद्धा. त्या वेळी त्याला शिकवायचं नाही, समजवायचं नाही, जेव म्हणून मागं लागायचं नाही. घमेल्यात चार बोटं पाणी घ्यायचं, वाट्या-चमचे टाकायचे आणि मोरीत बसवायचं. पाण्यात हात गेला की पोर निवतं. नाहीतर पावट्याच्या शेंगा सोलायला द्यायच्या. दाणे जमिनीवर जातील, जाऊ देत.

आणि तुझ्या सासूबाईंना महिनाभर बोलावून घे. मी हे सासू म्हणून सांगतेय. आमच्या वेळी घरात चार बायका असायच्या, एकीचा हात उठला की दुसरी पोर उचलून ओसरीवर न्यायची. आम्हाला धीर जास्त होता म्हणून पोरं वाचली असं नाही, हात जास्त होते.

मिरजेची_सिस्टर | दुपारी ३:१५

ड्युटीवरून आले आणि धागा वाचला. मी मिरजेत एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात २२ वर्षं आहे. जरा मोठं लिहिणार आहे, पण सगळ्यांनी वाचा. विशेषतः अजिंक्यतारा, तुम्ही वाचा. कारण तुम्ही धपाट्याबद्दल बोलताय आणि ताईंनी लिहिलंय ते हलवण्याबद्दल.

लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं आणि जड असतं. तान्ह्या बाळाचं तर उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा डोकंच असतं. मानेचे स्नायू कच्चे, मेंदू मऊ. गदागदा हलवलं की डोकं मागंपुढं झटकत राहतं आणि मेंदू कवटीच्या आत घुसळतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडं जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि आत रक्त साचतं. डोळ्यांच्या पडद्यावरही रक्तस्राव होतो. बाहेरून कधी कधी ओरखडासुद्धा नसतो. एक वर्षाच्या आतल्या बाळांना धोका सर्वात जास्त, पण दोन-तीन वर्षांची मुलंही सुटत नाहीत. जी वाचतात त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढं फिट येतात, दिसायला कमी होतं, बोलणं-चालणं मागं पडतं. झोळीत झोके देणं, मांडीवर नाचवणं यानं हे होत नाही, उगाच घाबरू नका. हे रागाच्या जोरानंच होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची केस सांगते, कुठली ते सांगणार नाही. अकरा महिन्यांचा मुलगा आणला होता. "पाळण्यातून पडला" म्हणाले. अंगावर खरचटलेलं नव्हतं. मनगटात काळ्या मण्यांची मनगटी, गालावर तीट, तीसुद्धा पुसली नव्हती. म्हणजे सकाळी कुणीतरी त्याला न्हाऊमाखू घालून, पावडर लावून नटवलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर बघून गेले आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तिसऱ्या दिवशी गेला. त्याला कुणी हलवलं होतं ते नंतर पोलिसांसमोर निघालं. घरातलाच माणूस. "रडायचा थांबेना, म्हणून" एवढंच तो सांगत होता. तो राक्षस नव्हता हो, हेच मला आजही पचत नाही. वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसलेला असायचा, आम्ही दिलेला चहा हातात तसाच थंड व्हायचा.

नव्या आईबापांसाठी एक सांगून ठेवते. बाळ दुसऱ्या आठवड्यापासून जास्त रडायला लागतं, दीड-दोन महिन्यांचं असताना सर्वात जास्त रडतं, आणि तीन-चार महिन्यांनंतर ते आपोआप कमी होतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी रडतंय, असं होतंच. तुमचं काही चुकलेलं नसतं. सहन होईना तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, खोलीबाहेर या, दहा मिनिटं थांबा, कुणाला तरी फोन लावा. दहा मिनिटं रडून बाळ दगावत नाही. हलवून दगावतं.

कृष्णाकाठची ताई, बाळ खातंय, खेळतंय, उलट्या नाहीत, सुस्ती नाही, असं दिसतंय. तरीही उद्या एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जे झालं ते खरं सांगा. "पडला" म्हणू नका.

कासपठार | दुपारी ३:४०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवू का? भावाला महिन्यापूर्वी मुलगी झालीय.

मिरजेची_सिस्टर | दुपारी ३:५२

केसचा भाग वगळून पाठवा. दहा मिनिटांचा भाग नक्की पाठवा.

वकीलताई | संध्याकाळी ६:३०

मी साताऱ्यात वकिली करते. अजिंक्यतारा म्हणतात की गल्लत नको. कायदा काय म्हणतो ते सांगते. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५. ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा कुणीही त्याला मारहाण केली, छळलं, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यानं मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आईबापही त्यातून सुटत नाहीत. शाळेतल्या छडीला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. घरातल्या धपाट्यावर सरसकट बंदी मात्र आपल्याकडं नाही. शेजारच्या नेपाळनं ती २०१८ मध्ये आणली.

आणि "आमच्या पिढीत काही झालं नाही" याबद्दल. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत पाहणी करून २००७ साली अहवाल काढला होता. दर तीन मुलांमागं दोघांना शारीरिक मारहाण होत होती. घरात मार खाणाऱ्या बहुतेक मुलांना मारणारे त्यांचेच आईवडील होते.

शेजारच्या पोराबद्दल: १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर. फुकट, चोवीस तास. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकारच चालवतं. फोन केला की लगेच कुणाला बेड्या पडतात ही भीती काढून टाका. आधी माणसं येऊन बघून जातात.

अजिंक्यतारा_७९ | संध्याकाळी ७:०५

हलवण्याचं मला खरंच माहीत नव्हतं, ते मान्य. सिस्टरांचे आभार. पण अडीच वर्षांचं पोर गॅसच्या बटणाकडं हात नेतंय, तर तुम्ही काय करणार? पाण्याचं घमेलं आणणार? तिथं हातावर एक चापट बसलीच पाहिजे.

दोन_पोरांचा_बाप | संध्याकाळी ७:२०

गॅसचा कॉक खालून बंद करायचा, दादा. आणि पोर उचलायचं. चापट मारायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उचलायला लागतो. या वयात "नको" शब्दाचा अर्थ त्यांना कळतो, पण कळल्यावर हात थांबवायचा असतो, ते जमत नाही. ते शिकायला अजून काही वर्षं जातात. माझी धाकटी तर "हात नाही लावायचा" असं स्वतः मोठ्यानं म्हणत म्हणत हात लावायची.

तीच धाकटी मागच्या महिन्यात सातारा-सांगली एसटीत कंडक्टरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमचं तिकीट कुठाय?" आख्खी गाडी हसली. काकांनी तिला एक कोरं तिकीट फाडून दिलं, ते अजून तिच्या उशीखाली आहे.

वाईची_आजी | संध्याकाळी ७:४८

शहाणी गं माझी बाय ती! दृष्ट काढा तिची.

दूरदेशी_सांगलीकर | रात्री ११:३०

मी मूळचा गावभागातला, गेली अकरा वर्षं स्वीडनमध्ये. इथं १९७९ साली मुलांवर हात उचलायला कायद्यानं बंदी आली, असं करणारा हा जगातला पहिला देश. सरकारनं ती बातमी दुधाच्या खोक्यांवर छापली, म्हणजे सकाळी न्याहारीच्या टेबलावर आईबाप आणि मुलं दोघांनीही वाचावी. त्या कायद्याला स्वतंत्र शिक्षा जोडलेली नाही. मारायचं नसतं हे सर्वांना माहीत व्हावं, एवढाच हेतू होता. माझ्या सासूरवाडीकडचे लोक आले की म्हणतात, इथली पोरं किती गुणी. गुणी कसली, दुकानात लोळण इथंही घेतात. बाप बाजूला मांडी घालून बसतो आणि लोळण संपायची वाट बघतो.

सेविका_तासगाव | गुरुवार, दुपारी १:१०

दूरदेशी दादा, तुमच्याकडं बाळंतपणाची रजा किती?

दूरदेशी_सांगलीकर | दुपारी २:०२

आईबाप दोघांत मिळून ४८० दिवस, बहुतेक दिवसांना पगाराचा मोठा भाग मिळतो.

सेविका_तासगाव | दुपारी २:४०

तेच म्हणायचं होतं. मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडच्या जास्त. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी करते, फडात जाते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येते. बाळंत होऊन दोन महिने झालेली बाईसुद्धा. पोर दिवसभर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. रात्री पोर आईला चिकटतं, रडतं, आणि आईचा हात उठतो. मी पहिल्या वर्षी एकीला ओरडले होते. ती म्हणाली, "मॅडम, तुमी एक रात घ्या ह्याला, मला झोपू द्या." मी गप्प बसले. पुढच्या वर्षीपासून कोपीवर गेले की आधी तिची झोप किती झाली ते विचारते.

मागच्या बोळातल्या बाईबद्दल: तुमच्या वॉर्डातल्या अंगणवाडी ताईंना गाठा. लहान पोरांची वजनं घ्यायच्या निमित्तानं आम्ही कुठल्याही दारात जातो, कुणाला वावगं वाटत नाही. वजन घेताना पोराचं सगळं अंग दिसतं.

नुसताच_वाचक | रात्री १२:२०

सहा वर्षं इथं फक्त वाचतोय. आज पहिल्यांदा लिहितोय.

तुम्ही सगळे म्हणताय की मारणारा दमलेला असतो, एकटा असतो. पुष्कळदा असेल. माझे वडील दमलेले नव्हते. कराडला चांगली नोकरी होती, पाच वाजता घरी यायचे, चहा प्यायचे आणि मग आमची वेळ सुरू व्हायची. चप्पल, पट्टा, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा. मी पाच वर्षांचा असताना कानाखाली मारली, कानाचा पडदा फाटला. डाव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. मीटिंगमध्ये मी कायम टेबलाच्या डाव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळे उजवीकडं येतात. सोळा वर्षांच्या नोकरीत एकानंही विचारलं नाही का म्हणून.

अजिंक्यतारा, मीही आज "धडधाकट" आहे. मीही आईला सांभाळतो. बाहेरून बघणारा म्हणेल, मार खाऊन घडला. मी मुलं होऊ दिली नाहीत. बायकोला खरं कारण सांगायला चार वर्षं लागली.

आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. सगळ्यांना ऐकू जायचं. लोक खिडक्या लावून घ्यायचे, त्याचा आवाज मला पक्का ठाऊक आहे. आधी कडी, मग पडदा. एकच बाई, वरच्या मजल्यावरच्या एक विधवा काकू, एकदा दार न वाजवता सरळ आत आल्या आणि म्हणाल्या, "याला माझ्याकडं दूध आणायला पाठवायचंय." कुठलं दूध, कुठलं काय. मला हाताला धरून वर नेलं आणि गूळपोळी दिली. तसं त्या पुढं कितीतरी वेळा करायच्या.

कृष्णाकाठची ताई, कोणत्या तोंडानं जाऊ असं विचारलंत. कोणत्याही तोंडानं जा.

दोन_पोरांचा_बाप | शुक्रवार, सकाळी ६:४५

दादा, काय बोलू. लिहीत राहा.

वाईची_आजी | सकाळी ८:१५

वाचक, वाईला कधी आलास तर घरी ये. गूळपोळी करीन.

मिरजेची_सिस्टर | सकाळी ८:५०

हे सगळं वाचून कुणाला रात्री कसंतरी व्हायला लागलं तर १४४१६ वर फोन करा. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलतात. बाळंतपणानंतर सतत रडू येणं, बाळ नकोसं वाटणं, बाळाला काहीतरी करीन अशी भीती वाटणं, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. "नखरे" म्हणून सोडून देऊ नका.

अजिंक्यतारा_७९ | रात्री ९:३०

दोन दिवस काही लिहिलं नाही. काल रात्री मुलाला विचारलं, चौदा वर्षांचा आहे. म्हटलं, मी तुला लहानपणी मारलेलं काही आठवतं का? मला वाटलं होतं, नाही म्हणेल. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "दोनदा. एकदा राजवाड्यावर हात सोडून पळालो तेव्हा. आणि एकदा आजोबांचं घड्याळ फुटलं तेव्हा. ते मी फोडलंच नव्हतं, बाबा."

तेव्हा तो साडेतीन-चार वर्षांचा असेल. घड्याळ कुणी फोडलं ते मी विचारलं नाही. मला अजूनही वाटतं की शिस्त हवी आणि कायद्यानं सगळे प्रश्न सुटत नाहीत. पण ते दहा-बारा शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून इथं लिहिले.

कासपठार | रात्री १०:०५

थोडं अवांतर. जेवताना मोबाइल दाखवणं कसं बंद केलंत कुणी? आमच्याकडं त्यावरूनच रोज युद्ध आणि त्यातूनच रोज आवाज चढतो.

वाईची_आजी | रात्री १०:२२

ताट घेऊन दारात बस. कावळा, मांजर, कुत्रं, जाणारी-येणारी माणसं. पहिले तीन दिवस पोर उपाशी झोपेल, चौथ्या दिवशी दोन घास जास्त खाईल. आणि जेवायच्या आधी कंदी पेढा द्यायचा बंद करा, तुम्ही सातारकर ते फार करता.

दोन_पोरांचा_बाप | रात्री १०:३१

आजी, पेढ्यावर नको ना! बाकी सगळं ऐकतो.

कृष्णाकाठची | २३ दिवसांनी, रात्री १०:५०

धागा वर काढतेय. सगळ्यांचे प्रतिसाद कितीतरी वेळा वाचले.

डॉक्टरांना दाखवलं, खरं सांगितलं. त्यांनी नीट तपासलं, डोळेही बघायला लावले. मुलगा व्यवस्थित आहे. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त "घरात दुसरं कोण असतं?" असं विचारलं. सासूबाई आल्यात. संध्याकाळी पाच ते सात मी पावत्यांना हात लावत नाही, तेवढं काम रात्री करते. घमेलं चालतंय. दोनदा माझा आवाज चढला, दोन्ही वेळा मी स्वतःचे दोन्ही हात ओट्याच्या कडेला घट्ट धरून उभी राहिले. आजी, पीठ टाकून निम्म्या पावत्या वाचल्या.

आता मागच्या बोळातलं. मी विरजण मागायला म्हणून गेले. बाई दार अर्धंच उघडायची. वय जेमतेम बावीस-तेवीस, कडेवर तीन महिन्यांचं धाकटं. तिसऱ्या दिवशी तिची वाटी परत करायला गेले तेव्हा उंबऱ्यातच म्हटलं, "मी परवा माझ्या पोराला फार हलवलं हो, हाताचे वळ उठले." तिला बोलतं करायला म्हणून नाही म्हटलं, तोंडातून आपसूक निघालं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मी न्हाई मारत. ह्यो मारतोय. पोराला बी, मला बी."

महिना-दीड महिना मी खिडकी लावताना "काय बाई आहे" म्हणत होते.

अंगणवाडी ताई दुसऱ्याच दिवशी वजनकाटा घेऊन आल्या. पोराच्या पाठीवर जे दिसलं ते इथं लिहीत नाही. मी आणि त्यांनी मिळून १०९८ ला फोन केला, नाव सांगून. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून माणसं आली, दोनदा. पोलीसही आले. नवऱ्यानं बोळात उभं राहून मला शिव्या दिल्या, मग माझा नवरा आणि वरच्या मजल्यावरचे दोघं खाली उतरले. परवा तिचा भाऊ आला आणि तिला दोन्ही पोरांसकट जतला माहेरी घेऊन गेला.

खोलीला कुलूप आहे. पहाटे दार उघडलं तर उंबऱ्यावर माझी वाटी होती, घासूनपुसून, आत विरजणापुरतं दही. माझी वाटी मी परत आणायला विसरले होते, ते तिच्या लक्षात राहिलं.

नुसताच_वाचक | रात्री ११:१५

पोराचं नाव सांगू नका. वय फक्त सांगा.

कृष्णाकाठची | रात्री ११:१८

येत्या भाद्रपदात तीन पूर्ण होतील.

वकीलताई | रात्री ११:४०

ताई, जत आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळं प्रकरण सांगलीच्या बाल कल्याण समितीसमोरच राहील, नव्यानं सुरुवात करावी लागणार नाही. बाईच्या स्वतःच्या मारहाणीची तक्रार मात्र वेगळी, त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. नवरा चार-आठ दिवसांत "चूक झाली" म्हणत न्यायला जाईल, बहुतेक जातातच. त्याआधी तिच्याशी बोलायला हवं. तिचा किंवा भावाचा फोन आहे का तुमच्याकडं?

कृष्णाकाठची | रात्री ११:४४

भावाचा आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते, आत्ताच.